टी-शर्टावर साल छापू नका

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील सार्वजनिक मंडळांचे पदाधिकारी, क्रीडा मंडळे आणि क्लब, पतसंस्थांचे संचालक, साहित्य संमेलनांचे संयोजक आणि जाहिरात देणारी सगळी व्यापारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी वडगावातला स्क्रीन प्रिंटर. तुमच्या टी-शर्टांवर, पिशव्यांवर, टोप्यांवर, डायऱ्यांवर नावं छापतो आणि त्यावर माझं घर चालतं. तेव्हा ‘काही छापू नका, काही वाटू नका’ असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. छापा, वाटा. पण हल्ली ऑर्डर घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारातूनच विचारतो, “इको-फ्रेंडली काय आहे का ओ तुमच्याकडं?” विचारतात याचं बरं वाटतं. मात्र त्याच दमात पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : “स्वस्तातलं बघा की, आणि परवा पाहिजे.”

परवा पाहिजे असेल तर इको-फ्रेंडली मिळत नाही. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण एरवी काउंटरवर उभ्याउभ्या हे बोलणं होत नाही. पाठीमागं टेम्पो हॉर्न मारत असतो.

आधी पिशवीचं बघू. पतसंस्थेची वार्षिक सभा म्हटली की अहवालाबरोबर एक पिशवी येतेच. पांढरी, निळी किंवा केशरी, हाताला कापडासारखी लागणारी, जरा खरखरीत, जवळून पाहिलं तर बारीक ठिपक्यांची नक्षी असलेली. सभासद म्हणतात, “बघा, आमच्या संस्थेनं प्लॅस्टिक बंद करून कापडी पिशवी दिली.” ती कापडी नाही हो. तिला धंद्यात नॉन-वोव्हन म्हणतात आणि ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. त्यात विणलेला धागा नाही. प्लॅस्टिक वितळवून त्याचे तंतू पसरतात आणि उष्णतेनं एकमेकांना चिकटवतात. ते ठिपके म्हणजे चिकटवल्याच्या खुणा.

शंका असेल तर कोपऱ्याचा एक तुकडा कापा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागं राहिलेली राख बोटांनी चुरता येते. नॉन-वोव्हन असेल तर तुकडा आक्रसतो, मेणबत्तीसारखा वास येतो, थेंब गळतो आणि थंड झाल्यावर त्याची टणक गोळी होते. टी-शर्टाच्या कापडालाही हीच परीक्षा चालते. पॉलिएस्टरची काळी कडक गोळी होते. सभेच्या आधी संचालक मंडळाच्या बैठकीत पुरवठादारासमोर ही एक काडी ओढली तरी निम्मी फसवणूक तिथंच थांबेल.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे, फक्त तो वाचलेला नसतो. कर्नाटकात ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या पिशव्या, फ्लेक्स, बॅनर, तोरणं, झेंडे, ताटं, कप, चमचे यांच्यावर बंदी आली. केंद्राच्या नियमाप्रमाणं ३० सप्टेंबर २०२१ पासून नॉन-वोव्हन पिशवी ६० जीएसएमपेक्षा (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) हलकी असता कामा नये. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचा थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर देशभर बंद. ही बंदी किती पाळली जाते ते बळ्ळारी नाल्याला विचारा. पावसाळ्यात नाला तुंबला की शहापूर, वडगाव शिवारातली भातं पाण्याखाली जातात आणि पाणी उतरल्यावर बांधाला काय काय अडकलेलं असतं ते शेतकऱ्यांना माहीत आहे. राहिलेलं तुरमुरीच्या कचरा डेपोवर जातं. फ्लेक्सचं तेवढं बरं, तो निदान गवताच्या गंजीवर आणि गोठ्याच्या छपरावर दोन पावसाळे काढतो. नॉन-वोव्हन पिशवीला तेही नशिबी नाही. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो, आणि तो भुगा मातीतच राहतो.

आता मी म्हणेन सुती पिशवी द्या, आणि तुम्ही म्हणाल झालं काम. नाही झालं. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं २०११ साली पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवीचा हवामानावरचा भार कमी ठरायला ती १३१ वेळा वापरली जायला हवी, असा त्यातला हिशेब. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, सूत काढायला वीज लागते, ते सगळं त्या पिशवीच्या नावावर चढलेलं असतं. आठवड्याला एकदा शनिवारच्या बाजाराला नेली तर १३१ फेऱ्यांना अडीच वर्षं लागतात. म्हणजे पिशवी अडीच वर्षं टिकली पाहिजे, आणि अडीच वर्षं माणसाला ती घेऊन बाहेर पडावंसं वाटलं पाहिजे. मुद्दा कापसाचा कमी आणि वापराचा जास्त आहे. माझं सगळं म्हणणं इथून पुढं याच धाग्यानं जातं.

टिकायची तर मांजरपाट नको, जरा जाड कॅनव्हास घ्या. कोरा घ्या, ब्लीच केलेला नको. पिशवी फाटते ती नेहमी नाडीच्या टाक्याजवळ, मधे कधीच नाही. नाडी तोंडाला नुसती टाचून न ठेवता खाली चार बोटं आत घेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारायला सांगा. तळाला पट्टी ठेवा म्हणजे पिशवी उभी राहते, भाजी चेंगरत नाही. बचत गटाच्या बायका हे काम उत्तम करतात. त्यांना नुसता भाव विचारू नका, एक नमुना शिवून घ्या, त्यात दहा किलो तांदूळ भरा आणि दिवसभर खुंटीला टांगून ठेवा.

छपाईबद्दल तर मला बोलायलाच हवं, माझं कामच ते. पिशवीवर अध्यक्षांपासून शिपायापर्यंत बारा नावं, दोन फोटो, फोन नंबर, शाखांची यादी आणि खाली ‘२८ वी वार्षिक सर्वसाधारण सभा’ असं सगळं छापलं, तर ती पिशवी घेऊन कुठली बाई बाजारात जाईल? ती पिठाच्या डब्याखाली जाते. एक लहान चिन्ह, संस्थेचं नाव, एकाच रंगात, कोपऱ्यात. मराठीत छापा, कन्नडमध्ये छापा, दोन्हीत छापा, तो तुमचा प्रश्न. शाई सारखीच लागते. एका रंगाला एक फ्रेम, म्हणजे छपाईची जाळी ताणलेली चौकट लागते, चार रंगांना चार. रंग कमी केले की माझं बिल कमी होतं, तरी मी हे सांगतोय.

हीच गोष्ट टी-शर्टाची. बेळगावात वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो नाहीतर विसर्जनाची कपिलेश्वर तलावापर्यंत रात्रभर चालणारी मिरवणूक, कार्यकर्त्यांचा टी-शर्ट वेगळा दिसला पाहिजे, हे मान्य. पण आपण काय करतो? छातीवर मंडळाचं नाव, खाली ‘गणेशोत्सव’ आणि साल. पाठीवर प्रायोजक. कधीकधी पुढं मोदकाएवढा गणपती आणि मागं परातीएवढा ज्वेलर्स. साल छापलं की त्या टी-शर्टाचं आयुष्य अनंत चतुर्दशीला संपतं. पुढच्या वर्षी तो घालून आलेल्या पोराला बाकीचे विचारतात, “का रे, नवीन मिळाला नाही होय तुला?” मग तो गाडी पुसायला जातो, शेतात बुजगावण्याला जातो, आणि मंडळ पुन्हा दोनशे नगांची ऑर्डर घेऊन माझ्या दारात.

साल छापू नका. पाहिजे तर सालाचा वेगळा कापडी बिल्ला करा. शिंप्याकडच्या चिंध्यांवर मी तो छापून देतो, सेफ्टी पिननं खिशाजवळ लावायचा. पोरं ते बिल्ले जपून ठेवतात, पाच वर्षांचे पाच बिल्ले लावून मिरवतात. त्यातून कोण जुना कार्यकर्ता हेही न बोलता कळतं, जे टी-शर्टावरून कधीच कळत नाही. टी-शर्ट तोच, तीन-चार वर्षं. नवे येतील तेवढ्यांपुरतेच नवे करायचे. आणि प्रायोजकांना सांगतो : तुमचं नाव बाहीवर दोन बोटांएवढं असेल तर तो शर्ट पोरगा वर्षभर तालमीत, शेतात, कॉलेजात घालेल. पाठभर असेल तर एकच रात्र घालेल. जाहिरात कुठली जास्त झाली, ते तुम्हीच मोजा.

कापडाबद्दल. परवा पाहिजे म्हटलं की तुमच्या हातात येतो तो पॉलिएस्टरचा डॉट निट. तो तयार मिळतो, हलका असतो आणि त्यावर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं फोटो उठवायची छपाई होते. सब्लिमेशनचा रंग सुती कापडाला धरत नाही. साधारण २०० अंशांच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन ती पॉलिएस्टरमध्ये शिरते, सुतात शिरत नाही. म्हणून ज्याला रंगीबेरंगी फोटोवाला टी-शर्ट हवा, तो आपोआप प्लॅस्टिकच्या कापडाकडे जातो. हे कापड प्रत्येक धुण्याला बारीक तंतू सोडतं आणि ते गटारातून नाल्यात जातात. बाटल्यांपासून केलेलं रिसायकल पॉलिएस्टर असलं तरी तेच होतं, फक्त ते नव्या खनिज तेलापासून बनत नाही एवढंच. मैदानावर खेळणाऱ्या क्लबला घाम सुकायला पॉलिएस्टर लागतं, तिथं माझा आग्रह नाही. पण दहा दिवस मांडवात बसायला आणि प्रसाद वाटायला सुती चालतो की.

सुती घ्यायचा तर १८० जीएसएमचा बायो-वॉश केलेला घ्या, म्हणजे गोळे येत नाहीत. आपल्याकडं तो बहुतेक तामिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो. तिथल्या रंगाऱ्यांनी नोय्यल नदीची काय दशा केली होती ते आठवत असेल. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगकारखाने बंद करायला लावले, तेव्हा कुठं पाणी बाहेर न सोडता पुन्हा वापरण्याची यंत्रणा आली. म्हणून पुरवठादाराला विचारायला लाजू नका : कापड कुठं रंगवलं? उत्तर आलं नाही तर फिकट रंगाचा किंवा कोरा घ्या. वर छपाई पाण्याच्या शाईची, पिगमेंटची. ती कापडात मुरते, हवा जाते. रबरासारखा जाड थर बसतो ती प्लॅस्टिसोलची, म्हणजे पीव्हीसीची. तडे आधी तिलाच जातात.

खर्चाचं गणित सोपं आहे. समजा पॉलिएस्टरचा दीडशेला पडला आणि सुती तीनशेला. दरवर्षी नवा घेणाऱ्या मंडळाचे तीन वर्षांत साडेचारशे गेले आणि तीन शर्ट कचऱ्यात. सालाशिवायचा सुती तीन वर्षं चालला तर तीनशेत भागलं. वर फ्रेमचा खर्च एकदाच, कारण साल नसलेली फ्रेम मी पुढच्या वर्षी तशीच वापरतो. साल असलेली धुऊन पुन्हा चढवावी लागते आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतो.

सगळं अडतं ते वेळेवर. गणपती चार दिवसांवर आले की वर्गणी पूर्ण होते, मग कमिटी बसते, मग वाद होतात, मग रात्री अकरा वाजता फोन येतो. सुती कापड मागवायला, शिवायला, छापून वाळवून त्यावर इस्त्री मारायला महिना धरा. मापांचंही तसंच. ‘पन्नास एल, पन्नास एक्सएल’ अशी ऑर्डर देतात आणि मांडव उतरल्यावर ट्रंकेत तीसेक नग पडून असतात, कुणालाच न बसणारे.

आता जरा उत्साहानं लिहितो, कारण हा भाग मला सगळ्यात आवडतो. आपल्या भागात काय नाही? डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव. तिथं सभासद होण्यासाठी महिन्याला २,००० यार्ड हातानं कातलेलं सूत द्यायचं असं ठरलं. खादीचे भगीरथ म्हणून ओळखले गेलेले गंगाधरराव देशपांडे आपल्या तालुक्यातल्या हुदलीचे. १९३७ साली गांधीजी हुदलीला येऊन राहिले. हुदलीत आजही खादी तयार होते. अधिवेशनाच्या शताब्दीच्या कार्यक्रमांत या सगळ्याची भाषणं झाली, ठीक. पण सत्काराला अ‍ॅक्रिलिकची शालच आली. हुदलीचा खादीचा टॉवेल किंवा उपरणं द्या ना. पाहुणा शाल कपाटात ठेवतो, टॉवेल वापरतो.

शहापूर, वडगाव, खासबागचे माग माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून चालतात. बहुतेक साड्यांचे. सुती उपरणं विणाल का म्हणून विचारलं तर एक मागवाले काका म्हणाले, “विणू की, पण पन्नास नगासाठी ताणा कोण चढवणार?” ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. रास्त बोलले. एका मंडळाला पन्नास लागतात, पण दहा मंडळांनी मिळून एकच पोत, एकच काठ ठरवला तर पाचशे होतात आणि माग लागतो. प्रत्येक मंडळाचं नाव नंतर कोपऱ्यात मी छापीन. दहा मंडळांनी एका गोष्टीवर एकमत करणं अवघड आहे, जाणतो मी. मिरवणुकीचा क्रम ठरवताना काय होतं ते गावानं पाहिलंय.

खानापूरची लाल माती आणि मडकी सगळ्यांना माहीत. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. स्पर्धेचं स्मृतिचिन्ह म्हणून सोनेरी प्लॅस्टिकचा कप देण्याऐवजी तिथून मातीचा लोटा, दिव्यांचा संच, दह्याचं गाडगं करून घ्या. मंडळाचा शिक्का ओल्या मातीवर उठवून भाजला की तो पुसत नाही, शाईही लागत नाही. माझं नुकसान, पण सांगून टाकलं. अथणी, निपाणीकडच्या चप्पल कारागिरांकडे कातड्याचे तुकडे उरतात. त्यांची किल्लीची साखळी, पिशवीची पट्टी होते. कोल्हापुरी चप्पलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत, हे आपल्याच पोरांना ठाऊक नसतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांनो, तुम्ही दिवाळीला कामगारांना परप्रांतातून आणलेला प्लॅस्टिकचा डबा देता. तुमच्या भट्टीत बिडाचा तवा ओतता येतो, मागं कारखान्याचं नाव उठवता येतं. कामगाराच्या नातीपर्यंत तुमचं नाव भाकरी भाजेल.

पतसंस्थांना एक शाबासकी द्यायची राहिली. कॅलेंडर. याच्याइतकी कामाची जाहिरात मी दुसरी पाहिली नाही. बारा महिने भिंतीवर, त्यावर दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, म्हशीला कधी दाखवली, सगळं. फक्त त्यावर चकचकीत प्लॅस्टिकचा थर चढवू नका. पेन चालत नाही त्यावर आणि रद्दीवालाही कुरकुरतो. साधा कागद आणि वर पत्र्याची पट्टी. इथं साल छापायला माझी हरकत नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, जिथं जिथं हिवाळ्यात संमेलन भरतं, तिथल्या संयोजकांना : प्लॅस्टिकचं फोल्डर, प्लॅस्टिकचा बॅज, प्लॅस्टिकचं पेन आणि वर पर्यावरणावर परिसंवाद, एवढं कृपया टाळा. संमेलन संपल्यावर दारात एक टोपली ठेवा आणि बॅज परत घ्या. बियांचं पेन नावाचा एक प्रकार येतो, टोकाला बी आणि आत रिफिल तीच प्लॅस्टिकची. बांबूचा म्हणून मिळणारा कप पुष्कळदा बांबूचा भुसा घातलेलं मेलामाइन, म्हणजे प्लॅस्टिकच असतं. ‘नैसर्गिक’, ‘हरित’ असं नुसतं छापून भागणार नाही, दाव्याला पुरावा हवा, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आहेत. पुरवठादाराकडं कागद मागा. कागद नसेल तर काडी आहेच.

आणि झेंडे. भगवा असो, एक नोव्हेंबरचा कर्नाटकाचा लाल-पिवळा असो नाहीतर पंधरा ऑगस्टचा तिरंगा असो, प्लॅस्टिकचा झेंडा दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पायाखाली येतो आणि मग त्यावरून भांडणं होतात. कापडाचा घ्या, घडी घालून ठेवा. तिरंगा हुबळीच्या बेंगेरीतल्या खादी संघाचा मिळतो, मानक ब्यूरोच्या मान्यतेचा. २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहिता बदलून पॉलिएस्टरच्या यंत्रावरच्या झेंड्याला परवानगी मिळाली, म्हणून तोच घेतला पाहिजे असं थोडंच आहे.

येत्या गणपतीपासून मी एक ठरवलंय. ज्या मंडळाचा मजकूर सालाशिवाय असेल, त्याची फ्रेम पुढच्या वर्षी फुकट. जुने सुती टी-शर्ट धुऊन आणले तर प्रायोजकाच्या नावावर कापडाची ठिगळ-पट्टी लावून वर नवं चिन्ह छापून देतो, पैसे फक्त छपाईचे. ऑर्डर आषाढ संपायच्या आत द्या. मापांची यादी नावासकट पाहिजे, टेप लावून घेतलेली, अंदाजानं लिहिलेली नको. अध्यक्षसाहेबांचंही माप घ्या, दरवर्षी ते ‘एल’ सांगतात. आगाऊ रक्कम निम्मी.

आपला,
वडगावातला एक स्क्रीन प्रिंटर